अणुस्तरीय अचूक निर्मिती : ड्रेक्सलर-स्मॉली वादाच्या अनुषंगाने

नॅनोतंत्रज्ञान ही संज्ञा आज इतक्या सैलपणे वापरली जाते की उन्हापासून संरक्षण देणाऱ्या मलमापासून पाणी गाळण्याच्या यंत्रापर्यंत सारे काही तिच्यात सामावते. के. एरिक ड्रेक्सलर यांनी १९८६ मध्ये ‘इंजिन्स ऑफ क्रिएशन’ या ग्रंथात मांडलेली कल्पना मात्र निराळी होती. रासायनिक अभिक्रियांचे नियंत्रण करून प्रत्येक अणू नियोजित जागी बसविणे व त्यातून वस्तू घडविणे, हा तिचा गाभा होय. प्रस्तुत लेखात तिच्या व्यवहार्यतेचा विचार केला आहे.

अणू हवे तेथे मांडता येतात, हे निर्विवाद आहे. १९८९ मध्ये आयबीएमच्या डॉन आयग्लर व एर्हार्ड श्वाइत्झर यांनी स्कॅनिंग टनेलिंग मायक्रोस्कोपच्या टोकाने अतिथंड निकेलवर झेनॉनचे ३५ अणू सरकवून कंपनीची आद्याक्षरे लिहिली. प्रश्न वेगाचा आहे. एक ग्रॅम कार्बनमध्ये ५ वर २२ शून्ये इतके अणू असतात. एका टोकाने सेकंदाला १० लाख अणू बसविले, तरी तेवढे काम संपण्यास सुमारे १६० कोटी वर्षे लागतील. म्हणूनच ड्रेक्सलर यांच्या मांडणीत असंख्य सूक्ष्म यंत्रांनी एकाच वेळी काम करणे अपरिहार्य ठरते. (स्वतःची प्रतिकृती काढणारी यंत्रे पृथ्वी गिळतील, ही भीती यातूनच पसरली; अशा यंत्रांची गरजच नाही, असे ड्रेक्सलर व ख्रिस फिनिक्स यांनी २००४ मध्ये प्रतिपादन केले.)

रसायनशास्त्राच्या १९९६ च्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी रिचर्ड स्मॉली यांनी २००१ मध्ये दोन आक्षेप घेतले. अभिक्रियेच्या जागी अनेक अणूंवर एकाच वेळी नियंत्रण ठेवणारी ‘बोटे’ मावणार नाहीत. आणि उचललेला अणू बोटाला चिकटून राहील. ड्रेक्सलर यांचे उत्तर असे की, रायबोसोमला बोटे नसतात, तरीही तो अमिनो आम्ले ठरल्या क्रमाने जोडतो. यावर, ही यंत्रणा पाण्यात चालते. तिच्यातून पोलाद वा सिलिकॉन कसे घडणार, असा प्रतिप्रश्न स्मॉली यांनी २००३ मध्ये केला. आमच्या मते हाच त्यांचा खरा भेदक मुद्दा होता, बोटांचा नव्हे. आणि त्याचे प्रायोगिक उत्तर अद्याप मिळालेले नाही.

सिलिकॉनच्या बाजूने मिशेल सिमन्स यांच्या चमूने २०१२ मध्ये फॉस्फरसचा एकच अणू नेमक्या जागी बसवून ट्रान्झिस्टर सिद्ध केला. तेथेही वेगाची अडचण कायम आहे. प्रथिनांच्या बाजूने, निसर्गात नसलेली प्रथिने संगणकाच्या साहाय्याने रचण्याच्या कार्यासाठी डेव्हिड बेकर यांना २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचा अर्धा वाटा मिळाला. हिऱ्याच्या यंत्रांच्या चर्चेत सहसा विसरले जाते ते हे की, ड्रेक्सलर यांचा १९८१ चा शोधनिबंध प्रथिनांच्या रचनेपासूनच सुरुवात करावी, असे सुचवीत होता.