रेल्वे नसलेल्या गावाचे स्टेशन

आमच्या दिघीत रेल्वे कधी आली नाही. तरी गावाला एक स्टेशन होते: आगबोटीचे बंदर. मुंबईची बोट बंद झाली आणि आता नव्या पिढीला त्याची माहितीही राहिलेली नाही.

समोर जंजिरा, मागे डोंगर आणि मध्ये राजपुरीची खाडी. १९४८ पर्यंत हा मुलूख जंजिरा संस्थानात होता. रस्ते नावापुरतेच होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कोकण किनाऱ्यावर आगबोटी धावू लागल्या आणि मुंबई जवळ आली. बोट खोल पाण्यात नांगर टाकी. माणसे, ट्रंका, आंब्याच्या पेट्या पडावातून चढत-उतरत. आमच्या किनाऱ्यावरची किती तरी माणसे याच समुद्रवाटेने मुंबईच्या गोदीत, जहाजांवर खलाशी म्हणून आणि पुढे आफ्रिका, आखातात गेली. हजला निघणाऱ्यांनाही आधी मुंबई गाठावी लागे. जेद्दाची जहाजे तिथूनच सुटत.

ही वाट सुखाची होती असे नाही. पावसाळ्यात कोकणची बोट बंद राही. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. आपल्या किनाऱ्यावरच्या अनेक घरांत तो दिवस मातमाचा ठरला.

१९४८ मध्ये राज्यात एस.टी. सुरू झाली. रस्ते झाले तशी बोटीची गर्दी ओसरली आणि अखेर ती बंद पडली. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली, पण ती रोहा-माणगावकडून, किनाऱ्यापासून दूर गेली. आज आम्हांला पाण्यावरचा आधार आहे तो आगरदांड्याच्या फेरीबोटीचा.

आता दिघीत मोठे मालवाहू बंदर आहे. २०२४ मध्ये केंद्राने येथील औद्योगिक क्षेत्राला मंजुरी दिली. रोह्यापासून बंदरापर्यंत मालगाडीच्या मार्गाची योजनाही आहे. कोळसा आणि कंटेनर यांना स्टेशन मिळणार असेल, तर माणसांनाही मिळावे, एवढी मागणी आतापासूनच ग्रामसभेत नोंदवायला हवी.

आणि एक काम घरातच आहे. नाना-नानी, दादा-दादी हयात आहेत तोवर त्यांना विचारा: भाडे किती होते, पडाव कोण वल्हवी, सोबत शिदोरी काय असे? मुलांनी ते वहीत उतरवावे. या बंदराची पाटी उरलेली नाही. निदान वही तरी उरावी.