सात-बाऱ्यात न लिहिलेले

बँकेत असताना घरबांधणीच्या कर्जाची प्रकरणे मी बरीच हाताळली. सात-बारा, बिनशेतीचा आदेश, तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट. जमीन कुणाची, याची खातरजमा अगदी चोख! जमीन कशी आहे, हे मात्र त्यातला एकही कागद सांगत नसे.

काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावरच्या भिंतीही मग तडकतात. म्हणून पाया घट्ट मुरमापर्यंत किंवा खडकापर्यंत न्यावा लागतो. डोंगरउतारावरचा धोका वेगळा. तिथे खडकावरचा मातीचा थर पाणी पिऊन जड होतो आणि त्याची पकड सुटते. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातले माळीण असेच गाडले गेले. सुमारे दीडशे माणसे गेली. वाचलेल्यांसाठी दुसऱ्या जागी नवे गाव २०१७ मध्ये उभे राहिले. तिथेही पहिल्याच पावसात रस्ते खचले.

तेव्हा प्लॉट दाखवणाऱ्याला दोन प्रश्न जरूर विचारा. बोअर घेऊन माती तपासली आहे का? आणि पावसाचे पाणी पूर्वी कुठून वाहत होते? दुसऱ्याचे उत्तर गावातला एखादा म्हातारा गुराखीही देईल. पहिल्यासाठी तज्ज्ञाचा अहवाल हवा. घराच्या किमतीपुढे तो खर्च किरकोळच असतो.