टोनी आयोमीची दोन बोटं

गायक ऑझी ऑस्बर्न 22 जुलै 2025 ला गेला आणि मंचावर वटवाघळाचं डोकं चावल्याचा तो किस्सा पुन्हा सगळीकडे छापून आला. त्याआधी सतराच दिवस, 5 जुलैला, बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्कवर ‘ब्लॅक सॅबथ’ या त्याच्या हेवी मेटल बँडचे चौघे मूळ सदस्य शेवटचे एकत्र आले होते. कॅमेरे अर्थातच सिंहासनावर बसलेल्या ऑझीवर. माझं लक्ष गिटारवादक टोनी आयोमीच्या उजव्या हाताकडे.

आयोमी डावखुरा, त्यामुळे तारा दाबायच्या त्या उजव्या हाताने. सतराव्या वर्षी पत्र्याच्या कारखान्यातला त्याचा शेवटचा दिवस होता. दुपारी जेवायला घरी आला तो परत जायला तयार नव्हता. आईने दटावलं, दिवस पुरा कर. गेला. नेहमीचा कामगार नव्हता म्हणून त्याला प्रेसवर बसवलं आणि मधल्या बोटाची व अनामिकेची टोकं गेली. हताश झालेल्या या पोराला फोरमनने जॅझ गिटारवादक जँगो राइनहार्टची रेकॉर्ड ऐकवली. ऐकून झाल्यावर सांगितलं, याचा हात भाजलाय, दोनच बोटांवर वाजवतो.

मग आयोमीने डिशवॉशची प्लास्टिकची बाटली वितळवली, बोटांवर बसतील अशी टोपणं घासून केली आणि पकडीसाठी वर जुन्या जॅकेटचं चामडं चिकटवलं. टोपणाखाली तार जाणवत नाही, जाड तार खेचवत नाही. हलक्या तारांचे संच सहज मिळत नव्हते, तेव्हा त्याने बँजोच्या तारा चढवल्या.

इथून पुढे सगळे एका उडीत सांगतात : बोटं तुटली, तारा सैल केल्या, हेवी मेटल जन्मलं. गोष्ट झकास, पण हिशेब जुळत नाही. स्टुडिओत गिटार तीन अर्धस्वर खाली उतरली ती 1971 च्या ‘मास्टर ऑफ रिअॅलिटी’त. 1970 चे पहिले दोन्ही अल्बम नेहमीच्याच सुरात लावलेल्या गिटारवर वाजलेत आणि तरी अंगावर येतात! पहिल्याच गाण्यातली ती भयाण लकेर म्हणजे षड्जावरून थेट तीव्र मध्यम. त्या उडीला कापलेलं बोट लागत नाही, कान लागतो. अपघाताने त्याला मोजके स्वर वाजवायला लावलं असेल; कुठले, ते त्यानेच निवडले. गायक बदलले, ड्रमर बदलले, बँडमध्ये अखेरपर्यंत टिकला तो हाच. 2012 मध्ये लिम्फोमाचं निदान झालं, तरी पुढच्या वर्षी ‘13’ हा अल्बम ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडे पहिल्या क्रमांकावर गेला. ऑझीला वाहिलेल्या श्रद्धांजल्यांत त्याच्या वाट्याला आलं ते एखादं वाक्य.