गाय उलटते, पाळणा हलत नाही. मग तपासणी एकाच बाजूची का?

गाय तीनदा भरवली आणि तिन्ही वेळा उलटली की गोठ्यात निकाल लागतो : भाकड आहे, बाजार दाखवा. लग्नाला चार वर्षं होऊन घरात पाळणा हलला नाही की असाच निकाल सुनेबाबत लागतो. तिला गोळ्या, सोनोग्राफी, उपासतापास, अंगारे-धुपारे. नवऱ्याचं साधं वीर्य तपासायला मात्र कुणी सांगत नाही. वास्तविक मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांत पुरुषाच्या बाजूचं काही ना काही कारण असतं, आणि ती तपासणी बाईच्या तपासण्यांपेक्षा सोपी नि स्वस्त आहे.

या तपासणीत शुक्राणू किती आहेत एवढंच बघत नाहीत. ते पळतात कसे हेही बघतात. लॅबच्या कागदावर तिथं ‘मोटिलिटी’ लिहिलेलं असतं. माणसाचा शुक्राणू मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढा लांब. डोक्यात बापाकडचा वारसा, मानेजवळच्या भागात शक्ती तयार करणारं यंत्र, मागं शेपूट. शेपूट नीट हलली तरच तो सरळ पुढं जातो. काही शुक्राणू जागच्या जागी वळवळतात, काही गोल फिरतात. त्यांचा उपयोग नाही. म्हणजे संख्या कोटींत असूनही गर्भ राहत नाही, असं होऊ शकतं.

उन्हाचा फटका दोन महिन्यांनी

शुक्राणू तयार होण्यासाठी शरीरापेक्षा दोन ते चार अंश कमी तापमान लागतं. म्हणूनच वृषण शरीराबाहेर पिशवीत लोंबतात. वळू असो, रेडा असो की माणूस, रचना हीच. शुक्राणू तयार व्हायला वळूमध्ये सुमारे दोन महिने लागतात, माणसात अडीच महिन्यांच्या आसपास. त्यामुळं उन्हाचा किंवा तापाचा परिणाम लगेच दिसत नाही. मे महिन्यात पत्र्याखाली बांधलेला वळू जून-जुलैत कमी फळतो आणि तोवर आभाळ भरून आलेलं असल्यानं उन्हाकडं कुणाचं बोट जात नाही. होल्स्टीन आणि जर्सीच्या संकरित वळूंना हा त्रास देशी वळूंपेक्षा जास्त. माणसाला टायफॉईड किंवा डेंग्यूचा जोरदार ताप येऊन गेला तर पुढचे दोन-तीन महिने रिपोर्ट खराब येऊ शकतो. तो पाहून लगेच हाय खायची गरज नाही.

कांडी चांगली, हाताळणी वाईट

आता बऱ्याच गाई कृत्रिम रेतनानं भरवल्या जातात. पाव मिलिलिटरच्या एका कांडीत साधारण दोन कोटी शुक्राणू असतात. आपल्याकडच्या ठरलेल्या निकषाप्रमाणं गोठवलेली कांडी वितळवल्यावर त्यातले निम्मे तरी पळते असायला हवेत. म्हणजे केंद्रातून निघताना एक कोटीचा हिशेब पक्का असतो. गळती पुढं होते.

कांड्या उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नत्रात ठेवतात. कंटेनरमधलं नत्र कमी झालं, किंवा हवी ती कांडी शोधताना बाकीच्या कांड्या आठ-दहा सेकंदांपेक्षा जास्त वेळ तोंडाशी धरून ठेवल्या, की आतले शुक्राणू मरायला लागतात. नंतर परत बुडवून उपयोग नाही, आणि बाहेरून कांडी तशीच दिसते. वितळवायची रीत म्हणजे ३७ अंशांचं कोमट पाणी आणि ३० सेकंद. प्रत्यक्षात कांडी खिशात, मुठीत, नाहीतर बादलीतल्या गार पाण्यात वितळवली जाते. नंतर ती पुसून कोरडी करायची असते, कारण पाण्याचा थेंब आत गेला तरी शुक्राणू फुगून मरतात. ऊनही लागू द्यायचं नाही, आणि वितळवलेली कांडी काही मिनिटांत वापरायची. गाय भरवताना एवढं शेतकऱ्यानं उभं राहून बघावं. करणाऱ्याला राग येईल, येऊ द्या. गाय आपली, पैसे आपले.

शुक्राणू चांगले असूनही वेळ चुकली तर काय करणार? सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवायचं, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. म्हशीचा माज मुका असतो, उन्हाळ्यात तर रात्री-पहाटेच येऊन जातो. त्यामुळं म्हैस उलटली की आधी वेळेचा हिशेब बघावा.

गावातल्या मोकाट वळूकडं किंवा भाड्याच्या रेड्याकडं नेताना वेगळा धोका असतो, रोगाचा. ब्रुसेलोसिस झालेली जनावरं गाभडतात. हा रोग कच्च्या दुधातून आणि गाभडलेल्या वाराला उघड्या हातानं हात लावल्यानं माणसालाही होतो. पुरुषात वृषणाला सूज येऊन शुक्राणूंवर परिणाम होऊ शकतो. चार ते आठ महिन्यांच्या कालवडी-पारड्यांना यावरची लस सरकारी कार्यक्रमातून दिली जाते.

सरकीची गोष्ट

कापूस पिकवणाऱ्या तालुक्यांनी ही वाचावीच. सरकीत गॉसिपॉल नावाचं द्रव्य असतं. चीनमध्ये काही खेड्यांत कच्चं सरकीचं तेल स्वयंपाकात वापरू लागल्यावर मुलंच होईनाशी झाली. शोध घेतला तेव्हा दोष या द्रव्याचा निघाला. मग १९७० च्या दशकात तिथं पुरुषांच्या गर्भनिरोधक गोळीसाठी हजारो पुरुषांवर त्याचे प्रयोग झाले. शुक्राणू थांबत होते, पण काहींच्या रक्तातलं पोटॅशियम उतरलं आणि काहींची प्रजननशक्ती परत आलीच नाही. गोळी बारगळली.

याचा अर्थ सरकी पेंड बंद करा असा नाही. गाई-म्हशींच्या मोठ्या पोटात गॉसिपॉलचा बराचसा भाग निष्प्रभ होतो. रिफाइंड तेलातूनही ते काढून टाकलेलं असतं. पण पैदाशीसाठी ठेवलेल्या वळूला, रेड्याला किंवा बोकडाला पाट्या भरभरून सरकी घालणं टाळावं. वळूत हे द्रव्य शुक्राणूच्या मानेजवळच्या शक्तियंत्रालाच धक्का देतं.

पुरुषांचं काय

तंबाखू, गुटखा, बिडी, दारू यांनी शुक्राणूंची चाल मंदावते. भट्टीवर किंवा तापलेल्या इंजिनाशेजारी दिवसभर काम करणाऱ्यांना उष्णतेचा त्रास. जिममध्ये कुणाच्या सांगण्यावरून टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन घेणाऱ्या पोरांना तर कल्पनाच नसते की बाहेरून हार्मोन घेतलं की शरीर स्वतःचं काम बंद करतं आणि शुक्राणू शून्यावर येऊ शकतात. वृषणाच्या शिरा फुगणं, म्हणजे व्हेरिकोसील, हे मूल न होणाऱ्या पुरुषांत वारंवार सापडणारं कारण आहे आणि त्यावर ऑपरेशन होतं.

फवारणीचंही बघा. १९७७ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या एका कारखान्यात डीबीसीपी हे सूत्रकृमीनाशक बनवणाऱ्या कामगारांच्या लक्षात आलं की आपल्यापैकी बऱ्याच जणांना मुलंच होत नाहीत. तपासणीत अनेकांचे शुक्राणू फार कमी किंवा शून्य निघाले. दोन वर्षांत तिथं या औषधाचे बहुतेक वापर बंद झाले. प्रत्येक औषध असंच वागतं असं नाही. तरी उघड्या अंगानं पंप मारणं, त्याच हातानं तंबाखू मळणं आणि आंघोळ न करता जेवायला बसणं, हे आपल्याकडं रोजचं झालंय.

वर्षभर प्रयत्न करूनही दिवस गेले नाहीत तर नवरा-बायको दोघांची तपासणी एकाच वेळी करावी. बायकोचं वय ३५ च्या पुढं असेल तर सहा महिन्यांतच. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेप्रमाणं एकूण पळत्या-वळवळत्या शुक्राणूंचं प्रमाण किमान ४२ टक्के आणि पुढं जाणाऱ्यांचं ३० टक्के धरतात. यापेक्षा आकडा खाली आला म्हणजे मूल होणारच नाही, असं नाही. एका रिपोर्टवर डॉक्टरही निकाल देत नाहीत. काही आठवड्यांनी पुन्हा नमुना मागतात.

नमुना देण्याआधी दोन ते सात दिवस संबंध टाळायचा. डबी लॅबनं दिलेलीच वापरायची. गावाहून घरचा नमुना न्यायचा असेल तर लॅबला आधी विचारावं, कारण तासाभरात तो सूक्ष्मदर्शकाखाली जायला हवा. डबी बर्फात ठेवू नये आणि गाडीच्या डिकीत टाकू नये. सदऱ्याच्या आतल्या बाजूला, अंगाच्या उबेत धरून न्यावी.