प्रामाणिकपणे किती पैसे खर्च करता येतील?

दोन वेगळ्या विद्याशाखांच्या माणसांना एकत्र बसवायला किती पैसे लागतात? आपल्याकडच्या चर्चासत्रांच्या प्रस्तावात उत्तर तयार असते: प्रवासभत्ता, निवास, भोजन, फाइल-पेन, स्मरणिका. शीर्षकात ‘आंतरविद्याशाखीय’ हा शब्द असला की अनुदान लवकर मिळते, असे मी वर्षानुवर्षे ऐकत आलो आहे. माणसे दोन दिवस शेजारी बसतात, जेवतात आणि आपापल्या विषयाकडे परततात. म्हणून अमेरिकेतल्या एका वेगळ्या खर्चाची हकिगत मला सांगावीशी वाटते.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. एरिक वॉनर हे मूळचे मानसशास्त्रज्ञ, तेव्हा स्लोन फाउंडेशनचे उपाध्यक्ष. माणूस प्रत्यक्षात निर्णय कसे घेतो हे अर्थशास्त्राने मानसशास्त्राकडून शिकावे, असे त्यांच्या मनात होते. त्यांनी डॅनिएल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की यांना सल्ला विचारला. या दोघांचा जोखमीच्या निर्णयांविषयीचा सिद्धांत १९७९ साली अर्थशास्त्राच्याच नियतकालिकात आलेला होता. पैसे मागायला याहून चांगली वेळ नव्हती. पण कानेमन यांनी पुढे लिहिल्याप्रमाणे, या कामावर मोठी रक्कम प्रामाणिकपणे खर्चच करता येणार नाही, असे त्यांनी सांगितले. दुसऱ्या विषयाची ओढ विकत मिळत नाही. मानसशास्त्रज्ञांना अर्थशास्त्रज्ञांपुढे बोलायला लावण्यात अर्थ नाही. ऐकायची इच्छा असलेले थोडे अर्थशास्त्रज्ञ शोधा. देणगीदाराला असे तोंडावर सांगणारे अभ्यासक विरळाच!

ऐकू इच्छिणाऱ्यांत पहिले नाव होते रिचर्ड थेलर यांचे. १९८४-८५ चे शैक्षणिक वर्ष त्यांनी कॅनडात व्हँकूव्हरला, कानेमन यांच्या सहवासात काढावे, यासाठी पहिले अनुदान मिळाले. ना परिषद, ना उद्घाटन. एका माणसाला एक वर्ष मोकळे मिळाले, इतकेच. कानेमन, थेलर आणि जॅक नेट्श यांनी त्या काळात लोकांना फोनवरून साधे प्रश्न विचारले. एका दुकानात बर्फ उपसण्याचे फावडे १५ डॉलरला मिळते. मोठ्या हिमवादळाच्या दुसऱ्या दिवशी दुकानदार त्याची किंमत २० डॉलर करतो. हे योग्य आहे का? ८२ टक्के लोकांनी ते अन्याय्य ठरवले. पाठ्यपुस्तकाप्रमाणे मागणी वाढली की किंमत वाढावी. पण गिऱ्हाइकाच्या डोक्यात न्यायाचाही हिशेब चालू असतो, आणि उद्याही गिऱ्हाईक हवे असलेल्या दुकानदाराला तो पाळावा लागतो. महापुरात पाण्याच्या बाटलीची किंमत चढवणाऱ्याबद्दल आपण जे बोलतो, ते आठवावे. १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाला एकट्या अर्थशास्त्रज्ञाचा किंवा एकट्या मानसशास्त्रज्ञाचा म्हणणे कठीण आहे.

वॉनर पुढे रसेल सेज फाउंडेशनचे अध्यक्ष झाले आणि हा कार्यक्रम बरोबर घेऊन गेले. ही संस्था मार्गारेट ऑलिव्हिया सेज यांनी १९०७ साली एक कोटी डॉलर देऊन स्थापन केलेली. सुरुवातीला दोन्ही विषयांतल्या नामवंतांना एकत्र आणण्याचे प्रयत्न झाले. त्यांतून फारसे निघाले नाही. मला याचे नवल वाटत नाही. नाव झालेल्या माणसाला नवा विषय पहिल्या पायरीपासून शिकायला वेळ नसतो, आणि लाजही वाटते.

१९९२ मध्ये संस्थेने काही अभ्यासकांचे छोटे मंडळ नेमले. कानेमन, ट्वर्स्की, थेलर यांच्याबरोबर त्यात जॉर्ज एकरलॉफ, थॉमस शेलिंग, रॉबर्ट शिलर, कॉलिन कॅमरर होते. मंडळाच्या हाती वर्षाला सुमारे एक लाख डॉलर. ते कसे वापरायचे हे मंडळानेच ठरवायचे. माझ्या मते सगळ्यात शहाणपणाचा निर्णय त्यांनी इथे घेतला. १९९४ मध्ये बर्कलीला पीएच.डी. करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी दोन आठवड्यांची उन्हाळी शाळा भरली आणि पुढे ती एक वर्षाआड भरत राहिली. आपल्या विभागात असल्या विषयाची आवड असलेला एखाददुसराच विद्यार्थी असे. इथे त्याला सोबती भेटले, मार्गदर्शक भेटले, आणि प्रबंधाचा विषय अजून ठरायचा असताना भेटले. पुढे डेव्हिड लेबसन आणि मॅथ्यू रॅबिन यांनी ही शाळा अनेक वर्षे चालवली.

कानेमन यांना २००२ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, थेलर यांना २०१७ साली. ट्वर्स्की १९९६ मध्येच गेले होते. आपल्या अनुदानाच्या अर्जांत मात्र एका माणसाच्या मोकळ्या वर्षासाठी रकाना मला अजून दिसलेला नाही, स्मरणिकेसाठी आहे.