अलंकाराचें नांव आणि वाक्याचें काम

इंग्रजीच्या वर्गांत एखादें भाषण वाचावयास देऊन, ‘वक्त्यानें आपला हेतु कसा साधला तें सांगा,’ असा प्रश्न घालतात. अमेरिकेंतील शाळांतून तर ही नित्याची गोष्ट आहे, व तिकडे वाढणारीं आपलीं नातवंडें अशा वेळीं आजोबांचें साहाय्य मागतात. मुलें बहुधा पुनरुक्ति, विरोध अशीं नांवें ओळीनें लिहून मोकळीं होतात आणि गुण कां कापले म्हणून हिरमुसतात. (घोकंपट्टीची आमची जुनी संवय सातासमुद्रांपलीकडेही सुटलेली दिसत नाहीं!)

अब्राहाम लिंकनचें गेटिस्बर्ग येथील भाषण घ्या. १९ नोव्हेंबर १८६३ रोजीं, यादवी युद्धांत पडलेल्या सैनिकांच्या दफनभूमीच्या समर्पणप्रसंगीं तें झालें. आधीं एडवर्ड एव्हरेट हे नामांकित वक्ते सुमारें दोन तास बोलले. लिंकन दोन-तीन मिनिटें. वाक्यें अवघीं दहा.

त्यांत ‘समर्पण करणें’ या अर्थाचें एकच क्रियापद सहा वेळां येतें. ‘पुनरुक्ति’ एवढेंच लिहिणाऱ्याच्या हातीं कांहीं लागत नाहीं. काय समर्पित होत आहे, हें दर वेळीं पाहावें. आरंभीं राष्ट्र एका तत्त्वाला वाहिलेलें आहे. मग भूमि अर्पण करावयाची आहे. पुढें वक्ता म्हणतो, ती आम्हांला अर्पण करतांच येत नाहीं, कारण लढणाऱ्यांनीं तें आधींच केलें आहे. आणि अखेर अर्पण व्हावयाचें तें मागें राहिलेल्यांनीं. शब्द तोच, पण त्याचा भार जमिनीवरून उचलून श्रोत्यांच्या खांद्यावर ठेविला.

शेवटचें वाक्य ऐंशींहून अधिक शब्दांचें आहे. येथें मुलें गोंधळतात. मराठींत क्रियापद शेवटीं येत असल्यामुळें आपलें मूल वाक्याच्या शेवटाकडे धांवतें. इंग्रजींत मुख्य वाक्य येथें अगदीं आरंभींच आहे आणि गौण वाक्यें त्याला एकामागून एक जोडलेलीं आहेत. त्यांतल्या अखेरच्या गौण वाक्यांत ‘लोक’ हें एकच नाम तीन निराळ्या अव्ययांबरोबर तीन वेळां येतें. आपल्या व्याकरणांत हीं षष्ठी, तृतीया व चतुर्थी: सत्ता कोणाची, कोणाकडून, कोणासाठीं. नाम एकदांच लिहून तिन्ही अव्ययें त्यालाच जोडलीं असतीं, तरी व्याकरण बिघडलें नसतें. मुलाला वाक्य तसें लिहून मोठ्यानें वाचावयास लावावें. काय हरवलें तें त्याच्या कानाला कळतें, आणि उत्तरांत लिहावयाचें तेंच.