देणगी कुणाची, काम कुणाचं?

परळमध्ये केईएम, टाटा आणि वाडिया ही रुग्णालयं एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर आहेत. तिन्हींच्या उभारणीत दानशूर घराण्यांचा पैसा आहे. आज मात्र केईएम महापालिका चालवते, टाटा केंद्र सरकारच्या अणुऊर्जा विभागाकडे आहे आणि वाडिया रुग्णालयांचा कारभार विश्वस्त मंडळ, महापालिका व राज्य सरकार यांच्या भागीदारीत चालतो. गावाहून रुग्ण घेऊन आलेल्या नातेवाइकाला हा फरक ठाऊक नसतो. सगळा जन्म मुंबईत गेलेल्यांनाही बहुतेकदा नसतो.

ट्रस्ट, फाउंडेशन, सीएसआर हे शब्द रोज कानावर पडतात. पैसा कुणी दिला हे कोनशिलेवर लिहिलेलं असतं, म्हणून ते लक्षात राहतं. काम कुणी उभं केलं आणि निर्णय कुणी घेतले, हे मागे पडतं. बरेचसे गैरसमज इथूनच सुरू होतात.

गैरसमज: टाटा हॉस्पिटल टाटांच्या ट्रस्टवर चालतं.

वस्तुस्थिती: सर दोराबजी टाटा ट्रस्टनं ते उभारलं आणि २८ फेब्रुवारी १९४१ रोजी ते सुरू झालं. १९५७ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं ते ताब्यात घेतलं आणि १९६२ मध्ये ते अणुऊर्जा विभागाकडे गेलं. सुरुवातीची जोखीम ट्रस्टची, रोजचा खर्च सरकारचा, अशी ही वाटणी आहे.

या दोघांच्याही हिशेबात न बसणारा एक प्रश्न उरतो. केमोथेरपी आणि रेडिएशन महिनोन्‌महिने चालतं. दर फेरीनंतर विदर्भात किंवा बिहारमध्ये परत जाणं परवडत नाही, मग रुग्णानं आणि सोबतच्या माणसानं राहायचं कुठे? रुग्णालयाबाहेरच्या फुटपाथवर पथाऱ्या दिसतात त्या यामुळेच. दादर पूर्वेची संत गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळच्या नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन यांसारख्या संस्थांनी हा प्रश्न अंगावर घेतला. नाममात्र दरात खोली किंवा खाट मिळाल्यामुळे उपचार अर्ध्यावर न सोडलेली कितीतरी कुटुंबं आहेत.

मोठ्या घराण्याचं नाव ही पैशाची कायमची हमीही नसते. जानेवारी २०२० मध्ये अनुदान थकल्यामुळे वाडियाचं लहान मुलांचं रुग्णालय बंद पडायची वेळ आली आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेलं.

गैरसमज: गरजूंना मदत म्हणजे काहीतरी फुकट वाटणं.

वस्तुस्थिती: १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातल्या लोहाणा निवासाच्या गच्चीवर सात गुजराती गृहिणी पापड लाटायला बसल्या. भांडवल होतं ८० रुपये, तेही उसने. सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटीचे कार्यकर्ते छगनलाल करमसी पारेख यांनी ते दिले होते. पहिल्या दिवशी चार पाकिटं भरली आणि भुलेश्वरच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याकडे गेली. तोटा झाला तरी देणगी घ्यायची नाही, असं या बायकांनी आधीच ठरवलं होतं. स्वस्तातली दुसरी प्रत काढून पाहिली, तेव्हा पारेख ऊर्फ 'छगनबापां'नी एकच चांगली प्रत ठेवा आणि हिशेब चोख ठेवा, असं बजावलं. हीच लिज्जत पापडाची सुरुवात.

केंद्रात सकाळी मळलेलं पीठ वजन करून मिळतं. संस्थेच्या सभासद 'बहिणी' ते घरी नेऊन लाटतात आणि वाळलेले पापड दुसऱ्या दिवशी आणून देतात. माल तपासला, वजन झालं की लाटण्याची मजुरी हातात पडते. तिला तिथे 'वणई' म्हणतात. नफा आणि तोटा दोन्ही सभासद बहिणींचे. १९६६ मध्ये संस्थेची नोंदणी झाली आणि खादी व ग्रामोद्योग आयोगाकडून आठ लाखांचं खेळतं भांडवल मिळालं. म्हणजे बाहेरची मोठी मदत आली, पण कामाची घडी बसल्यावर. पुढे बहिणींची संख्या चाळीस हजारांच्या वर गेली. संस्थापक सातजणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

गैरसमज: गोरगरिबांना दिलेलं कर्ज बुडीत खात्यातच जातं.

वस्तुस्थिती: कोकणातून आणि घाटावरून आलेले गिरणी कामगार बायकापोरांना गावी ठेवून चाळीतल्या खोलीत दाटीवाटीनं राहत आणि महिन्याच्या बोलीवर खानावळीत जेवत. खानावळ चालवणारी बाई वाण्याकडून उधारीवर धान्य आणायची आणि अडलं की सावकाराकडे जायची. पगार झाला की कामगार पैसे देत आणि त्यातला मोठा वाटा व्याजात जाई. बँकेच्या दारात तिला कुणी उभं करत नव्हतं, कारण तारण ठेवायला काही नव्हतं.

गोवा मुक्तिसंग्रामातून आणि कामगार चळवळीतून आलेल्या प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं. खानावळवाल्यांचे गट बांधले, एकमेकींची हमी हेच तारण मानायला लावलं आणि राष्ट्रीयीकृत बँकांची कर्जं मिळवून दिली. कोणती बाई किती डबे सांभाळते आणि कुणाकडे किती थकलंय, हे गल्लीतल्या दुसऱ्या खानावळवालीला अचूक ठाऊक असे. बँकेच्या अधिकाऱ्याला ते कळायला मार्ग नव्हता. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपात कामगारांचे पगार थांबले, त्याबरोबर खानावळींची बिलंही थकली. पुढे मंडळानं केटरिंगसारखी कामं हाती घेतली. प्रेमाताईंना २००२ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्या कन्या मेधा पुरव-सामंत यांनी १९९३ मध्ये हेच काम पुण्यात सुरू केलं.

गैरसमज: सीएसआर म्हणजे कंपनीनं स्वखुशीनं केलेलं दान.

वस्तुस्थिती: ते कायद्यानं आलेलं बंधन आहे. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक आकारापुढच्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करायची असते. १ एप्रिल २०१४ पासून हे लागू आहे. खर्च करताना 'स्थानिक क्षेत्राला' प्राधान्य द्यावं, असं कलम म्हणतं. पण ही सूचना आहे, सक्ती नाही, असा खुलासा सरकारनंच केला आहे. शिवाय इथे स्थानिक म्हणजे कंपनी जिथे काम करते तो भाग. गिरण्यांच्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या लोअर परळच्या टॉवरमधल्या कंपनीनं शेजारच्या चाळीला काय हवं ते विचारलंच पाहिजे, असं कायदा सांगत नाही.

गैरसमज: चांगली संस्था पगारावर खर्च करत नाही.

वस्तुस्थिती: कर्करुग्णासाठी मदत मिळवायची तर खर्चाचं अंदाजपत्रक, उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, डॉक्टरांचं पत्र, प्रत्येक ट्रस्टचा वेगळा अर्ज हे सगळं जमवावं लागतं. हे काम करणाऱ्या समाजसेवकाचा पगार ताळेबंदात साध्या 'वेतन' या सदरात बसतो. तो खर्च कापला की अर्ज पडून राहतात आणि देणगीही पडून राहते.

परदेशी निधीवर २०२० पासून बंधनं आणखी कडक झाली. विदेशी देणगी कायद्यातल्या दुरुस्तीनं प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आणली आणि मिळालेला निधी दुसऱ्या संस्थेला पुढे द्यायला मनाई केली. पूर्वी मोठी संस्था परदेशातून पैसा आणून वस्तीतल्या छोट्या संस्थांना वाटू शकत असे. ती वाट बंद झाल्याचा फटका छोट्यांनाच जास्त बसला.

गैरसमज: धर्मादाय रुग्णालयातली मोफत खाट ही व्यवस्थापनाची मर्जी.

वस्तुस्थिती: तो हक्क आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक आणि उच्च न्यायालयानं २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखायच्या असतात. त्यासाठी बिलांच्या एकूण रकमेच्या २ टक्के रक्कम वेगळ्या निधीत टाकावी लागते. जसलोक, हिंदुजा यांसारखी नामांकित रुग्णालयंही यात येतात. तातडीच्या रुग्णाला आधी दाखल करून घेणं बंधनकारक आहे. कागदपत्रं मागाहून देता येतात.

गैरसमज: गणेशोत्सव मंडळ म्हणजे दहा दिवसांचा मांडव.

वस्तुस्थिती: लालबागच्या राजाचं मंडळ १९३४ चं. पेरू चाळीतला बाजार १९३२ मध्ये बंद झाला तेव्हा कोळिणी आणि छोट्या व्यापाऱ्यांनी कायमच्या जागेसाठी नवस केला. जागा मिळाली आणि उत्सव सुरू झाला. पोटापाण्याच्या प्रश्नातून जन्मलेलं हे मंडळ आज डायलिसिस केंद्र चालवतं.

तरीही काम स्थानिक आहे म्हणून ते आपोआप सगळ्यांचं होत नाही. चाळीतल्या जुन्या बिऱ्हाडाला कार्यकर्ता नावानं ओळखतो. त्याच गल्लीत पोटभाड्यानं राहणाऱ्या परप्रांतीय हमालाला ओळखेलच असं नाही. मदतीची यादी ओळखीवर तयार होते तेव्हा असा माणूस सगळ्यात आधी गळतो.

गैरसमज: ट्रस्टची मालमत्ता विश्वस्तांची, इतरांनी त्यात बोलू नये.

वस्तुस्थिती: ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली. कामगारवस्तीत रात्रशाळा, वाचनालयं, दवाखाने चालवणाऱ्या या संस्थेला गिरणीमालक ठाकरसी घराण्याच्या देणगीतून परळला दामोदर हॉल मिळाला. पुढे तो गिरणगावच्या नाटकवाल्यांचं हक्काचं ठिकाण झाला. नोव्हेंबर २०२३ मध्ये पुनर्विकासासाठी नाट्यगृह बंद झालं तेव्हा रंगकर्मींनी आंदोलन केलं, कारण त्यांच्या लेखी ती वास्तू विश्वस्तांपुरती नव्हती.

कायद्याचा रोखही त्याच दिशेनं आहे. १९५० च्या याच विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली नोंदलेल्या न्यासाला दरवर्षी हिशेब तपासून घ्यावे लागतात. विश्वस्त मालमत्ता सांभाळतात, पण धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय स्थावर मालमत्ता विकू शकत नाहीत. कारभारात गैरव्यवहार वाटला, तर न्यासात हितसंबंध असलेल्या दोन किंवा अधिक व्यक्ती आयुक्तांच्या लेखी संमतीनं दावा दाखल करू शकतात. त्यासाठी देणगीदार असण्याची अट नाही.